डाव्या काडीची खोड

“मग ठरलं आमचं,” धाकटा म्हणाला आणि चष्म्याचा नंबर काढायच्या खुर्चीत असा ऐसपैस रेलला, की जणू तिकडे जाऊन समुद्राकडे तोंड करून बसलासुद्धा.

ह्या घरात मोठी गोष्ट सांगायची तर त्या खुर्चीत बसूनच सांगायची, ही धाकट्याच्या वडिलांची, बापूंची रीत. बापूंची उमर चष्म्याच्या दुकानात गेली. माणूस बाहेर कितीही थापा मारो, एकदा खुर्चीत चढवून डोळ्यांपुढे भिंग धरलं की खरं बोलतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून कुणाचं लग्न ठरायचं असो, कुणाला नोकरी सोडायची असो, सुट्टीच्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं आणि सगळ्यांनी मागच्या खोलीत जमायचं. ज्याची अडचण तो खुर्चीत. समोर आरसा, आरशात मागच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. बाकीच्यांनी काय हवं ते विचारावं, पण नंबर काढताना विचारतात तसं. पहिलं बरं की दुसरं? तिसरं उत्तर चालत नाही. ह्याच खुर्चीत बसून धाकटा लग्नाला हो म्हणाला होता, आणि ह्याच खुर्चीत बसून त्याची मोठी बहीण, ताई, दुकान सांभाळायला.

धाकटा गेल्या महिन्यात पाणीखात्यातून निवृत्त झाला. आता बायकोला घेऊन परदेशात राहायला जाणार होता. हिंडायला नाही, कायमचा. तिथं म्हणे निवृत्त माणसांना राहू देतात, हवा चांगली, माणसं प्रेमळ, पेन्शनीत आरामात भागतं. इथवर ताईनं ऐकून घेतलं. मग भावजयीनं गावाचं नाव घेतलं, आणि भिंगांचा खण आवरता आवरता ताईच्या हातातलं भिंग खणातच घसरलं.

तेच गाव!

आठ वर्षांपूर्वी ताई आणि मास्तर त्या गावात सुट्टीला गेले होते. मास्तर म्हणजे ताईचा नवरा. शाळेत भूगोल शिकवायचा, पण नकाशाबाहेर पाऊल टाकलं ते तेव्हाच पहिल्यांदा. दोघं गावाच्या अशी प्रेमात पडली की परत येताना ठरवूनच टाकलं, निवृत्त झालो की इथंच. ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही, कारण मास्तर म्हणायचा, पक्कं होण्याआधी बोललं की दृष्ट लागते. ताईनं मात्र एक मूर्खपणा केला. गाव किती छान, बंदरावर बसलं की कसं वाटतं, दुपारी अख्खं गाव कसं दारं लावून झोपतं, हे सगळं तिनं भावजयीला मिटक्या मारत सांगितलं. आपल्याच तोंडानं! दोन वर्षांनी मास्तर गेला. गेल्या उन्हाळ्यात भावजय नवऱ्याला घेऊन ते गाव बघून आली. आणि आता ती तिथं राहणार, आणि ताई इथं बापूंच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत बसणार. धाकटा गेला की बापूंच्या पोरांत इथं उरणारी एकटी तीच. म्हणजे आपलं जाणं कायमचं बुडालं, हे ताईला त्या क्षणी लख्ख दिसलं. तिनं भिंगांचा खण धाडकन लोटून बंद केला.

“मला विचारायचंय,” ती म्हणाली.

“विचार की,” धाकटा म्हणाला. “खुर्चीत त्यासाठीच बसलोय.”

“राहायचा परवाना इथून काढून जाणार की तिथं जाऊन?”

“तिथं जाऊन. आधी पाहुणे म्हणून जायचं, मग बघू.”

“म्हणजे आल्या पावली परत. पहिला परवाना इथल्या वकिलातीतूनच घ्यावा लागतो. पाहुणा म्हणून गेलास की पाहुण्यासारखं परतावं लागतं.”

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं. भावजय म्हणाली, “तेवढं आम्ही विचारून घेऊ, ताई.”

“आजारी पडलात तर? तिथल्या सरकारी दवाखान्यावर की स्वतःच्या विम्यावर?”

“विमा काढू ना.”

“रक्तदाब सांगून की लपवून?”

“ताई!”

“मी नाही, विमेवाला विचारणार. सांगितलास तर हप्ता वाढतो, लपवलास तर ऐन वेळी हात वर करतात. साठीनंतर विमेवाले माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करून बोलतात, धाकट्या. आणि दुखतंय कुठं हे कुठल्या भाषेत सांगणार? तू तर इथल्या डॉक्टरलाही नीट सांगत नाहीस.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली ताईची लेक हसली. आता दुकानातले नंबर तीच काढायची. मामा-मामी तिचे लाडके, त्यामुळे आल्यापासून ती त्यांच्याच बाजूची. “आई, तुला एवढं सगळं कुठून गं माहीत?”

“गिऱ्हाईकं बोलतात,” ताई म्हणाली. “कान उघडे ठेवले की कळतं.”

बापू आपल्या वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांना हवं तेवढंच ऐकू यायचं, आणि आज त्यांना सगळं ऐकू येत होतं.

“घर विकत की भाड्यानं?” ताईनं पुढचं भिंग चढवलं.

“विकत,” भावजय ठसक्यात म्हणाली. “आपलं ते आपलं. बंदराच्या वरच्या अंगाला एक बघूनसुद्धा ठेवलंय. गॅलरीतून पाणी दिसतं.”

बंदराच्या वरच्या अंगाला! मास्तरनं तिथंच चढणीवर थांबून, धापा टाकत, “ह्या बाजूला घेऊ या,” म्हटलं होतं. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

“पहिलं वर्ष भाड्यानं राहतात शहाणी माणसं,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात कुठलंही गाव गोडच दिसतं. दुरून डोंगर साजरे. हिवाळा बघितलाय तिथला? भिंतींना ओल धरते, वाळत घातलेले कपडे आठवडाभर दमटच राहतात, निम्मी दुकानं बंद. त्या चढणीवर वारा असा सुटतो की छत्री हातात राहत नाही. तुझे गुडघे काय म्हणतील मग?”

“माझ्या गुडघ्यांचं मी बघेन.”

“तूच बघशील. दुसरं कोण असणार तिथं?”

“अगं, जरा दमानं,” धाकटा म्हणाला. खुर्चीतला त्याचा ऐसपैसपणा आता आटला होता. लहानपणी ताई गणितं तपासायला बसली की तो असाच अंग चोरून बसायचा.

ताईला थांबता येत होतं. नाही थांबली. “शेवटचं. दोघांतलं एक गेलं, तर मागं राहील त्यानं तिथं राहायचं की परत यायचं?”

हा प्रश्न तिनं मास्तरलाही विचारला होता, त्याच गावात. मास्तर हसून म्हणाला होता, आधी जाऊ तर दे. आता तोच प्रश्न भावजयीच्या अंगावर फेकताना ताईला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग थोडं बरंही वाटलं.

“प्रश्न बरोबर आहे,” बापू डोळे न उघडता म्हणाले.

भावजयीचे डोळे भरून आले. “बरोबर कसला, बापू? आल्यापासून बघतेय मी. एक शब्द चांगला निघाला नाही ह्यांच्या तोंडून. ताई, सरळ सांगा ना, आमचं बरं तुम्हाला बघवत नाही!”

“मामी, आई काळजीनं बोलतेय गं,” लेक म्हणाली. पण तिचा स्वर डळमळला होता. ती आईकडे नवीन गिऱ्हाईकाकडे बघावं तशी बघत होती.

“काळजी!” भावजयीनं डोळे पुसायला चष्मा काढला.

चष्मा काढला, आणि ताईची नजर त्यावर पडली.

“हा कुठला?”

भावजय गडबडली. “हा ना... तिकडे गेलो होतो तेव्हा जुना फुटला, मग...”

बापूंनी डोळे उघडले. ह्या घरातल्या माणसानं दुसऱ्याच्या दुकानातला चष्मा घालायचा? हॉटेलवाल्याच्या सुनेनं शेजारून डबा मागवावा तसली गोष्ट ही. गेल्या उन्हाळ्यापासून घालतेय, म्हणजे इथं येताना कपाटातला त्याहून जुना चढवून येत होती आणि आज विसरली. धाकट्यानं खुर्चीत मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं!

“दाखव बघू,” ताई म्हणाली.

“राहू द्या ना.”

“दाखव म्हणते ना.”

ताईनं चष्मा दोन बोटांत धरला, उजेडाकडे नेला, मग पालथा करून काउंटरच्या काचेवर ठेवला. उजवी काडी काचेला टेकली. डावी केसभर वर राहिली. ताईनं बोटानं ती दाबली, सोडली. पुन्हा वर. तिच्या चेहऱ्यावर रागाऐवजी भलतंच काही आलं. जुना ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तसं ती त्या काडीकडे बघू लागली.

“अजून तीच खोड!” ती म्हणाली. “किती वेळा सांगितलं, स्क्रू आवळण्याआधी काडी टेकवून बघ. पण नाही. बेकरीच्या वर जाऊन बसला तरी तो चष्मेवाला म्हातारा डावी काडी वरच चढवतोय.”

भावजय रडायची थांबली.

“बेकरीच्या वर?” ती म्हणाली.

“मग? चौकातल्या.”

“ताई, तुम्ही मास्तरांबरोबर गेला होतात ते आठ वर्षांपूर्वी. तेव्हा त्याचं दुकान बंदरावर होतं. बेकरीच्या वर तो दोन वर्षांपूर्वी आला. त्यानंच सांगितलं मला.”

ताईनं काडीवरचं बोट मागं घेतलं. काहीतरी बोलायला हवं होतं, गिऱ्हाईकं सांगतात वगैरे. पण कुठलं गिऱ्हाईक चष्मेवाल्याची डावी काडी सांगेल?

“आई,” लेक सावकाश म्हणाली, “मागच्या हिवाळ्यात तू भिंगांच्या प्रदर्शनाला गेली होतीस.”

“हो.”

“परत आलीस तेव्हा मी विचारलं, काय नवीन? तू म्हणालीस, काही नाही, तेच ते. आणि तुझ्या कोटाला आठवडाभर दमट वास येत होता.”

“चोराच्या मनात चांदणं!” भावजयीचा आवाज चढला. “तरीच! तरीच परवाना, विमा, ओल, वारा, सगळं तोंडपाठ! आमची उलटतपासणी घेत होत्या आणि स्वतः मात्र...”

“थांब,” बापू म्हणाले. ते काठीवर भार देऊन उठले. “धाकट्या, उतर खाली. हिला बसू दे.”

“बापू, काहीतरीच काय,” ताई म्हणाली.

“बस.”

बापूंनी ‘बस’ म्हटल्यावर ह्या घरात कुणी उभं राहिलेलं नाही. ताई खुर्चीत चढली. हजारो लोकांना तिनं इथं बसवलं होतं, पण स्वतः बसून किती काळ लोटला होता. खुर्चीच्या हातावरचं कातडं फाटलंय, हे तिला आत्ता कळलं. आरशात तक्ता दिसत होता आणि तक्त्याखाली सगळे उभे दिसत होते: नवऱ्याच्या दंडाला धरून भावजय, कपाळाला आठ्या घालून लेक. बापूंनी भिंगं अडकवायची रिकामी चौकट तिच्या नाकावर चढवली. सवयच ती. चौकट बसल्याशिवाय त्यांना विचारताच येत नसे.

“पहिलं, इथं राहायचं. दुसरं, तिथं जायचं. कुठलं बरं?”

“सारखंच,” ताई म्हणाली.

बापूंनी नातीकडे वळून विचारलं, “पेशंट लगेच सारखंच म्हणाला, तर काय समजायचं?”

लेक म्हणाली, “थकलाय. नाहीतर आपल्याला खूश करायला खोटं बोलतोय.”

“मग काय करायचं?”

“पुन्हा विचारायचं.”

“पुन्हा विचारतो. पहिलं की दुसरं?”

“तुम्हाला कोण बघणार, बापू?”

“ते तिसरं उत्तर झालं.”

ताईनं आरशात पाहिलं. रिकाम्या चौकटीतून दिसणारी बाई तिला फारशी आवडली नाही. हिरमुसलेली, ओठ आवळलेली, कुणाच्या तरी ताटातला घास मोजत बसलेली.

“दुसरं,” ती म्हणाली. आणि मग बांध फुटला. “दुसरं! जायचंय मला. मास्तर गेल्यापासून रोज जायचंय. मागच्या हिवाळ्यात खोटं बोलून गेले, म्हटलं, एकदा बघून येऊ, एकटीनं जमेल का. जमलं! त्या म्हाताऱ्याचा हात थरथरतो आता. मी त्याच्या बाकावर बसून त्याची कामं करून दिली. भाषेचं काय घेऊन बसलात? चाकावर काच घासायला भाषा लागत नाही. मी निघताना म्हणाला, दुपारची येत जा. आणि मी परत आले, आणि इथं कुणाला सांगणार? आणि ही,” तिनं आरशातच भावजयीकडे बोट केलं, “ही तिथं घर घेणार! हो, नाही बघवत मला. जळते मी. माझं गाव आहे ते. मी सांगितलं नसतं तर तुला नकाशात तरी सापडलं असतं का?”

“मग सांगायचं होतंत ना!” भावजयही रडत होती. “तुमच्या तोंडून ऐकूनच मला वाटलं, असं कुठंतरी राहावं. घरी तुम्ही, दुकानात तुम्ही, बापू विचारणार तुम्हालाच, हेसुद्धा भाजी आणायची तर तुम्हाला फोन करणार! म्हटलं, निदान एक जागा अशी असेल जिथं ताई नाहीत!”

ती बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. धाकटा म्हणाला, “भाजीचं एकदाच विचारलं होतं,” आणि त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

ताई मात्र खुर्चीत वळून भावजयीकडे सरळ बघू लागली. इतकी वर्षं ही आपल्यावर जळत होती? ताईला वाटायचं, जळायचा हक्क काय तो आपलाच. नवरा हिचा जिवंत, पेन्शन हिच्या घरात, पायात भिंगरी हिच्या. आणि हिला हवं काय होतं, तर फाटक्या खुर्चीच्या दुकानातला आपला मान.

“झालं?” बापूंनी चौकट तिच्या नाकावरून काढली. “आता माझं ऐक. दोन वर्षं मी मनात हे दुकान विकायचं म्हणतोय. नाही विकलं. म्हटलं, मास्तर गेला, हिला दुकानाशिवाय आहे काय?”

“आणि मी थांबले, कारण मला वाटलं, दुकान सुटलं की तुम्ही हाय खाल.”

“म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांसाठी दुकान चालवत होतात,” लेक पुढं सरसावली, “आणि नंबर मात्र मी काढत होते! आजोबा माझ्याकडे राहतील. तसेही जेवायला माझ्याकडेच असतात. दुकान मी घेते. फक्त एक अट, ही खुर्ची मी बदलणार.”

“खुर्ची राहील,” बापू म्हणाले.

“कातडं तरी?”

“कातडं बदल.”

“बापू,” ताई म्हणाली, “तुम्ही आजारी पडलात आणि मी तिथं असले तर?”

“चष्मा दिला की गिऱ्हाईकाबरोबर त्याच्या घरी जायचं नसतं, हे तुला मीच शिकवलंय,” ते म्हणाले. पण बोलता बोलता तिच्या खांद्यावर ठेवलेला हात त्यांनी काढला नाही. हाताचं वजन तिला नेहमीपेक्षा जास्त वाटलं आणि ती उतरायचं विसरून तशीच बसून राहिली.

भावजयीनं नाक पुसलं. मग म्हणाली, “पण ताई, एकट्या? म्हणजे, मी आपलं काळजीनं विचारते. परवान्याला पुरेल का एकटीची पेन्शन? आणि ती चढण तुम्हाला झेपेल? आजारी पडलात तर रात्रीबेरात्री कोण धावणार? नाही, हिवाळ्यात ओल असते म्हणून म्हटलं.”

ताईनं कान देऊन ऐकलं. शब्द न् शब्द ओळखीचा होता, आणि त्यामागचा सूरही. तो सूर ती दुपारपासून स्वतःच्याच गळ्यातून ऐकत होती. तिला हसू आलं.

“तू आहेस की,” ती म्हणाली. “वरच्या अंगाला. मी खाली बंदरावर भाड्यानं बघेन. हाक मारली की ऐकू येईल.”

भावजयीचा चेहरा असा पडला की धाकट्यानं खोकून खिडकीबाहेर पाहिलं.

ताई खुर्चीतून उतरली. काउंटरवरचा परका चष्मा तिनं उचलला, काडी गरम करायचं यंत्र लावलं, आणि फ्रेम ऊन झाल्यावर अंगठ्यानं डावी काडी हलकेच खाली आणली. फार नाही, केसभर. पुन्हा पालथा ठेवून पाहिला. दोन्ही काड्या टेकल्या. मग तिनं स्वतःच्या पदरानं भिंगं पुसली, भावजयीला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि चष्मा तिच्या नाकावर चढवला. कानामागं बोट फिरवून बघितलं. नीट बसला होता, त्या म्हाताऱ्याच्या हातून आयुष्यात बसला नसता इतका.

“बघ आरशात,” ती म्हणाली. “आधीचं बरं होतं की आत्ताचं?”

भावजयीनं आरशात स्वतःकडे पाहिलं, मग आपल्या मागे उभ्या असलेल्या नणंदेकडे.

“सारखंच,” ती म्हणाली. लगेच म्हणाली.